तुळईची कडी, पलंगाचा पट्टा

अमळनेरला बहिणीच्या बाळंतपणासाठी बेडसाइड क्रिब (आईच्या पलंगाला लावून ठेवायची बाळाची छोटी खाट) घरी आला, तेव्हा आजीने त्याला एक धक्का देऊन पाहिला आणि विचारलं, "हाऊ पायना हालस नही का?" दुकानातही हा प्रकार पाळण्यांच्या रांगेतच मांडलेला असतो, त्यामुळे हा गैरसमज घरोघरी होतो. पण क्रिब हा पाळण्याचा वारस नाही. तो बाजेचा वारस आहे.

खानदेशात बाळाची दिवसाची जागा वेगळी आणि रात्रीची वेगळी. दिवसा झोयी, म्हणजे कापडाची झोळी, किंवा पायना, म्हणजे पाळणा. कापूस वेचायला गेलेली बाई बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोयी बांधायची. सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या खोपीपाशी ती आजही दिसते. घरात असेल तर पाळणा. धाब्याच्या घरांना सागाच्या तुळया असत आणि एका तुळईला लोखंडी कडी ठोकलेली असे. बाराव्या दिवशी तिथेच "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरायचं, आत्या कानात कुर्र करायची. नंतर त्याच पाळण्याची दोरी ओढत आई भाकरी थापायची, निवडण-टिपण करायची. म्हणजे पाळणा हे आईचे हात मोकळे करायचं साधन. रात्री बाळ त्यात क्वचितच असे. रात्री बाळ आईच्या कुशीत, काथ्याने विणलेल्या बाजेवर आणि खाली ओव्या-शेपाच्या धुरीची शेगडी.

पुढे स्लॅबची घरं आली आणि कडी गेली. खोलीच्या मध्यावर एकच हूक राहिला, तो पंख्याचा. मग पाळणा पाइपच्या स्टँडवर उतरला. बाजेची जागा प्लायवूडच्या बॉक्स-पलंगाने घेतली, वर फोमची गादी. मऊ गादीत तान्ह्याचं तोंड रुतू शकतं, उशा आणि ब्लँकेट तोंडावर येऊ शकतात. बाजेला झोळ असायचा हे खरं, तीही काही निर्धोक नव्हती. शिवाय सिझेरियन झालेल्या बाईला रात्री चार-पाचदा उठून, वाकून बाळ उचलणं म्हणजे टाक्यांवर ताण.

बाळ आईजवळ हवं, पण तिच्या अंगाखाली जाऊ नये, ही चिंता काही आपल्याकडचीच नाही. इटलीत फ्लॉरेन्सच्या दूध पाजणाऱ्या दायांना 'आर्कूच्चो' नावाची लाकडी कमानीची चौकट वापरावी लागे. बाळ चौकटीत, पांघरूण कमानीवर आणि पाजण्यापुरती बाजूला खाच. तिचं वर्णन १७३२ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचलं होतं. माझ्या मते बेडसाइड क्रिबची खरी पणजी हीच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मात्र वारं फिरलं. बाळाला वेगळं निजवावं, झोके देऊ नयेत, असं अमेरिकेतले डॉक्टर सांगू लागले आणि उंच कठड्याचा क्रिब वेगळ्या खोलीत गेला. तो परत आईजवळ यायला एक दुःखद विषय कारणीभूत ठरला. धडधाकट तान्ही बाळं झोपेत अचानक दगावत. १९६९ मध्ये या मृत्यूंना वैद्यकात अधिकृत नाव आणि व्याख्या मिळाली. बाळाला पालथं निजवण्याशी त्यांचा संबंध आहे हे पुढे आलं आणि १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये, १९९४ मध्ये अमेरिकेत "बाळाला उताणं निजवा" अशी मोहीम निघाली. मृत्यू झपाट्याने घटले. पाठोपाठ दुसरा सल्ला आला: किमान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावं, मात्र त्याचं अंथरूण वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये हे सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा. खोली एक, अंथरूण दोन, या अटीत नेमका बसणारा हा बेडसाइड क्रिब १९९० च्या दशकापासून तिकडे विकला जाऊ लागला होता. २०१४ मध्ये तिथे त्याच्यासाठी वेगळा सुरक्षा-नियम झाला.

२०२२ च्या त्या सल्ल्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या झोयीला लागू पडते. १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या जागी बाळाला झोपवू नये. झोयीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबू शकते. म्हणून झोयी समोर बसून हलवायची. बाळाला तिच्यात टाकून रात्रभर निर्धास्त होण्यासारखी ती जागा नाही.

आता खरेदीची गोष्ट. रंग आणि चाकं बघण्यात वेळ घालवू नये. क्रिबची गादी आणि पलंगाची गादी एका पातळीवर येते का आणि मधे फट राहते का, एवढं टेप घेऊन मोजावं. कठड्याला गज असतील तर दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. बाळ हातापायांवर उठू लागलं की क्रिबचा उपयोग संपला. आणि आपल्याकडच्या उन्हात, पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, क्रिब कूलरच्या थेट झोतात येणार नाही अशी जागा आधी ठरवावी.

आमच्याकडे हे सगळं मोजलं आणि तरी फसलो. क्रिबचे पाय पलंगाखाली सरकायचे असतात आणि पट्टा पलंगाच्या पायाला बांधायचा असतो. बॉक्स-पलंग जमिनीपर्यंत बंद. खाली जागा नाही, बांधायला पाय नाही. पट्टा हातात धरून मेहुणे दहा मिनिटं पलंगाभोवती फिरले. शेवटी माळ्यावरची आजोबांची लोखंडी कॉट खाली उतरवली, गंज घासून काढला, वर कापसाची घट्ट गादी. क्रिब सगळ्यात खालच्या खाचेवर आणला तेव्हा दोन्ही गाद्या जुळल्या आणि पट्टा कॉटच्या पायाला करकचून बसला.

आजीने गादीवरून हात फिरवून फट शोधली. सापडली नाही. मग ती ओसरीत गेली आणि दिवसाच्या झोयीसाठी जुनं लुगडं शोधू लागली.