नवा मनुष्य

नवा मनुष्य : ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेल्याला मिळणारी नवी ओळख हा तिचा एक अर्थ, आणि ती ओळख रोजच्या वागण्यात उतरवताना होणारी ओढाताण हा दुसरा. शब्द नव्या करारातला आहे. इफिसकरांस पत्र (४:२२–२४) आणि कलस्सैकरांस पत्र (३:९–१०) यांत ‘जुना मनुष्य’ टाकून ‘नवा मनुष्य’ धारण करण्याची भाषा येते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१७) याच अर्थाने ‘नवी उत्पत्ती’ म्हटले आहे. पहिली दोन पत्रे खुद्द प्रेषित पौलाने लिहिली की त्याच्या परंपरेतल्या कुणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याने संकल्पनेला काही बाध येत नाही. मुंबईतील मराठी ख्रिस्ती बोलण्यात हा शब्द व्यासपीठावरच जास्त ऐकू येतो. घरात ‘तारण झालं’, ‘नवा जन्म झाला’, ‘मी प्रभूत आले’ असे म्हणतात.

मूळ ग्रीक क्रियापदे कपड्यांची आहेत, अंगातून काढणे आणि अंगात घालणे अशी. सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी अंगावरचे कपडे उतरवून पाण्यात उतरत आणि वर आल्यावर पांढरे वस्त्र नेसत. रूपक असे अक्षरशः अंगावर यायचे. मराठी वाचकाला इथे गीतेतली जीर्ण वस्त्रे आठवणारच. मात्र गीतेत आत्मा तोच राहतो आणि देह बदलतो. पौलाकडे देह तोच, खोली तीच, शेजारी तेच आणि सासूही तीच. बदलायचा असतो तो माणूस.

खरी अडचण व्याकरणात आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला, म्हणजे काम झाले, असे म्हटले आहे. इफिसकरांस पत्रात मात्र त्याचा त्याग करा अशी आज्ञा आहे. जो मेला त्याला रोज उठून काय टाकायचे? या प्रश्नावर चर्चची घराणी वेगळी झाली. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्ये ठरवलेली कॅथलिक भूमिका अशी की बाप्तिस्म्याने मूळ पाप (आदामापासून प्रत्येकाला जन्मतः लागलेले) धुतले जाते, पण पापाकडची ओढ मागे राहते आणि तिच्याशी झुंजावे लागते. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याच्या मते विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. वेस्लीच्या मेथडिस्ट परंपरेला याच जन्मी प्रेमात परिपूर्ण होता येते अशी आशा आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्या पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर भर देतात आणि पुष्कळदा झगड्याचे खापर सैतानावर फोडतात. मुंबईत या चारही शिकवणी एकाच स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेत ऐकायला मिळतात, आणि श्रोते त्या एकमेकींत बेलाशक मिसळतात. रविवारी सकाळी एका चर्चची उपासना आणि संध्याकाळी दुसऱ्यांची प्रार्थनासभा, असे करणारी कुटुंबे कमी नाहीत.

मराठीत ज्याला रात्रंदिन युद्धाचा प्रसंग म्हणतात, त्याचे ख्रिस्ती रूप रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होते, अशी कबुली तिथे आहे. ती ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या माणसाची की नंतरच्या, हा वाद ऑगस्टिनपासून चालू आहे. मराठी प्रवचनांतून ती बहुधा नंतरच्या माणसाची समजली जाते, आणि ऐकणाऱ्यांचा अनुभव त्याला दुजोरा देतो.

मुंबईत या संकल्पनेने प्रथम कोर्टकचेऱ्या पाहिल्या. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये येथे आले. मिशनने केलेला मराठी नवा करार १८२६ मध्ये मुंबईत छापून निघाला. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, पण त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. वडिलांनी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टातून त्याचा ताबा मिळवला. मग मिशनऱ्यांकडचे अन्न खाल्लेल्या या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून शहरातल्या ब्राह्मणांत तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणणाऱ्यांत होते. मुलाचा विश्वास काय, हे या वादात कुणी फारसे विचारले नाही. माणूस जुना की नवा हे त्याच्या पानात काय वाढले यावरून ठरत होते. मिशनांचाही कल थोडाफार तसाच होता: प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीत) सर्व जातींनी एकत्र बसून एकाच पेल्याला ओठ लावणे ही जात सुटल्याची कसोटी मानली जाई.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. लक्ष्मीबाई टिळकांनी तो घेतला १९०० मध्ये, राहुरीला. मधल्या वर्षांतला बराच काळ पतीपासून दूर गेला; त्यांच्या मनात आधी सोवळे सैल झाले आणि विश्वास नंतर आला. नव्या मनुष्याच्या मराठी इतिहासात ही पाच वर्षे बाप्तिस्म्याच्या तारखांपेक्षा जास्त सांगून जातात.

सर्वच मुंबईकर ख्रिस्ती मात्र ‘नवे’ नाहीत. वसई, साष्टी आणि मुंबई बेटावरच्या ज्यांना १८८७ पासून ईस्ट इंडियन म्हणतात, त्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, ख्रिस्ती झाले. खोताच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या गावठाणात वाढलेल्यासाठी चर्च ही जन्माने आलेली गोष्ट. त्याला नवेपण अंगात भिनवायचे असते ते सवयीच्या थराखाली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना भागातून कामासाठी आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांतही आता चौथी-पाचवी पिढी आहे. ‘आजोबांनी घेतला, मी कधी घेतला?’ हा प्रश्न या घरांतल्या तरुणांना दृढीकरणाच्या (लहानपणीच्या बाप्तिस्म्याला स्वतः दुजोरा देण्याच्या) वर्गात पडतो, किंवा पडायला हवा.

रोजच्या झगड्यात सर्वांत ठळक जागा खाण्याचीच राहिली आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) देवळातल्या बळीचे मांस खावे का यावर मोठी चर्चा आहे. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘नैवेद्य’ हा शब्द वापरला, आणि ग्रीसमधले करिंथ एकदम गिरगावात आले. पौलाचे म्हणणे थोडक्यात असे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर वाढलेले खा. पण ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कुणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका.

आता भाद्रपदातली चाळ पाहा. गॅलरीतून शेजारची मुलगी स्टीलच्या ताटलीत मोदक घेऊन येते, वर क्रोशाचा रुमाल. दारातूनच ती म्हणते, “मावशी, आईने बाप्पाचा प्रसाद दिलाय.” एवढ्या एका वाक्याने पौलाची अट लागू झाली. काही घरांत ताटली हसतमुखाने घेतात आणि मोदक नंतर दुसऱ्या कुणाला देतात. काहीजण प्रार्थना करून खातात. त्यांच्या मते अन्न देवाचेच. काही सरळ नको म्हणतात, मग दोन दिवस गॅलरीत बोलणे जरा जपून होते. चौथी तऱ्हा पाहिल्याशिवाय कळत नाही: शेजारीणच मोदक वेगळे काढते आणि सांगते, “नैवेद्याआधीचे आहेत हो, तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत.” करिंथकरांस पत्रात ही शक्यता नाही. ताटली रिकामी परत करायची नसते, म्हणून नाताळात तिच्यावर करंज्या-चकल्या जातात. मराठी ख्रिस्ती नाताळाचा फराळ बराचसा दिवाळीचाच असतो, फक्त केकची भर पडते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न गळ्यापाशी आणि कपाळापाशी येतो. लग्नात मंगळसूत्र पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत घालतात, त्याला क्रूस लावलेला असतो. कुंकवाबाबत मात्र प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बराच कडकपणा होता आणि आहे. एकटीच विश्वासात आलेल्या सुनेची खरी परीक्षा हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला होते. गेली तर मंडळीत कुजबुज, न गेली तर घरात. याचे नियमपुस्तक नाही. पाळक मंडळी बहुतेक वेळा ‘प्रार्थना करून ठरवा’ म्हणतात. हे उत्तर शहाणपणाचे आहे आणि अंग काढून घेणारेही.

कागदावरचा मनुष्य वेगळाच असतो. बाप्तिस्म्याने सरकारी नोंद आपोआप बदलत नाही. नाव किंवा धर्म बदलल्याची जाहिरात राजपत्रात द्यावी लागते, आणि अनेकजण ती देत नाहीत. कारण उघड आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० प्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे एकाच चाळीत, एकाच मूळ जातीच्या दोन घरांपैकी बौद्ध घराला अनुसूचित जातीची सवलत मिळते आणि ख्रिस्ती घराला नाही. ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याला आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तमिळ भागातून आलेल्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. नवा मनुष्य धारण करा म्हटल्यावर इफिसकरांस पत्रात लागलीच पहिली आज्ञा येते ती खोटे टाकून शेजाऱ्याशी खरे बोलण्याची. कॉलेज प्रवेशाच्या अर्जातला धर्माचा रकाना भरताना ती ज्यांना आठवते, त्यांच्यावर ढोंगाचा शिक्का मारणे सोपे आहे. पण या पेचाची अर्धी जबाबदारी कायद्याची आहे. उरलेल्यातही मंडळ्यांचा वाटा आहे, कारण जात सोडून आलेल्यांच्या स्थळांच्या चौकशीत ती अजून हळू आवाजात विचारली जाते.

पुढची आज्ञा रागाची: रागावलात तरी सूर्य मावळण्याआधी तो सोडा. संध्याकाळची ठाणे लोकल पकडणाऱ्याला सूर्यास्त गाडीतच होतो, तोही चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून. नव्या मनुष्याची चाचणी उपासनेपेक्षा तिथे जास्त होते, असे ‘साक्षी’ ऐकल्यावर वाटते.

साक्ष म्हणजे सभेत उभे राहून स्वतःच्या पालटाची हकिकत सांगणे. शनिवारी संध्याकाळी एखाद्या खोलीत वीस-पंचवीस जण बसतात. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत, हातात खंजिरी, कडेला स्टोव्हवर चहा. साक्षीचा साचा ठरलेला असतो: आधी अंधार, मग प्रभूने धरलेला हात, मग उजेड. हा साचा बोलणाऱ्याला धीर देतो, पण उजेडानंतरच्या दुसऱ्या वर्षाला त्यात जागा नसते. दारू सोडल्याची साक्ष टाळ्यांत होते. पुन्हा प्यायल्याची सांगायला कुणी उभे राहत नाही. ते सांगण्याची जागा शहरात दुसरीकडे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या कामाची सुरुवात १९५७ मध्ये मुंबईत झाली, आणि तिच्या बैठकांना चर्चच्या आवारातल्या खोल्यांचा मोठा आधार मिळाला. व्यसनमुक्तीसाठी फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केले. ‘फक्त आजचा दिवस’ ही या बैठकांतली भाषा पौलाच्या रोज काढण्या-घालण्याच्या फार जवळ जाते. साक्षीच्या साच्याला ते जमलेले नाही. सर्व काही ‘बंधन’ आणि ‘सुटका’ यांत बसवणाऱ्या काही सभांत तर मानसिक आजारही सैतानाच्या खाती जमा होतो, आणि डॉक्टरकडे जाणे मागे पडते. हे नुकसान खरे आहे.

कॅथलिकांकडे पडून उठण्याची सोय विधीतच आहे. पापनिवेदन आहे, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आरंभी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख आहे, आणि ईस्टरच्या जागरणात हातात मेणबत्ती धरून जमलेली सगळी मंडळी ‘सैतानाचा त्याग करता का?’ या प्रश्नाला पुन्हा होकार देते. प्रौढांचे बाप्तिस्मेही त्याच रात्री होतात, त्यामुळे जुने विश्वासू आणि नवे एकाच वेळी तेच शब्द उच्चारतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आत्मपरीक्षा प्रभुभोजनाआधी होते. ज्याचा कुणाशी अबोला असेल त्याने आधी समेट करावा ही अपेक्षा असते, म्हणून प्रभुभोजनाच्या दिवशी कोण बाकावर बसून राहिले हे मागच्या रांगेला बरोबर कळते.

एकतीस डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना असते. बाराच्या सुमारास टोपली फिरते आणि प्रत्येकजण वर्षासाठी बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलतो. घरी आल्यावर ती फ्रिजवर किंवा ओट्यावरच्या कपाटाला चिकटते. फोडणीच्या वाफेने गेल्या वर्षीच्या चिठ्ठीच्या कडा पिवळ्या झालेल्या असतात, अक्षर पुसट झालेले असते. ती सहसा कुणी काढत नाही. नवी तिच्यावरच लावतात.