‘इकडे सगळं ठीक’: पूर्व आशियातून परदेशी शिकायला गेलेल्यांचं एकटेपण

1901 च्या नोव्हेंबरात टोकियोहून लंडनला एक पत्र निघालं. लिहिणारा हायकूकार मासाओका शिकी, क्षयानं अंथरुणाला खिळलेला. आपण आता संपल्यातच जमा आहोत, रोज विनाकारण रडू येतं, असं त्यानं लिहिलं होतं. तुझं मागचं लंडनचं पत्र फार आवडलं, माझे डोळे उघडे आहेत तोवर तसंच आणखी एक पाठव, असंही. शिकीला हवं होतं तसं पत्र काही गेलं नाही. 1902 च्या सप्टेंबरात तो वारला, आणि ही खंत मित्रानं पुढे छापून मोकळी केली.

हा मित्र म्हणजे नात्सुमे सोसेकी, नंतरचा जपानचा मोठा कादंबरीकार. तेहतिसाव्या वर्षी सरकारनं त्याला इंग्रजीच्या अभ्यासासाठी दोन वर्षं लंडनला धाडलं होतं. विद्यावेतन वर्षाला 1800 येन. त्यातून पुस्तकं घ्यायची, म्हणून जेवणात काटछाट. दुपारी बिस्किटांवर भागवायचं. घरं बदलली पाच. रस्त्यानं चालताना समोरून एक बुटका, विचित्र वर्णाचा माणूस येताना दिसला आणि तो आरशातला आपणच निघालो, हा प्रसंग त्यानंच लिहून ठेवला आहे. शेवटी क्लॅपममधल्या खोलीत त्यानं स्वतःला कोंडून घेतलं आणि त्याला वेड लागल्याची बातमी टोकियोपर्यंत पोचली. घरमालकिणीचा उपाय साधा होता: सायकल शिका! तो शिकलाही, पडत-धडपडत.

सोसेकीचं दुखणं केवळ परमुलखाचं नव्हतं. पैसा सरकारचा, पत्नी आणि लेकरं जपानात, आणि परत गेल्यावर काय शिकून आलास याचा हिशेब द्यायचा. हरलो म्हणायची सोयच नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. एकटेपण किती, यापेक्षा ते कुणाला सांगता येतं हा प्रश्न मोठा, आणि त्याचं उत्तर बरंचसं थैली कुणाची यावर ठरतं.

त्याआधी तीस वर्षं चीनच्या छिंग दरबारानं हाच प्रयोग मुलांवर केला होता. येल विद्यापीठातून 1854 मध्ये पदवी घेतलेल्या युंग विंगच्या खटपटीनं 1872 ते 1875 या काळात दरवर्षी 30 अशी 120 मुलं अमेरिकेत गेली. बरीचशी दहा ते पंधरा वर्षांची. मुक्काम हार्टफर्ड आणि आसपासच्या गावांत, अमेरिकी कुटुंबांकडे. पायघोळ झगे आणि पाठीवर शेपटा, त्यामुळे रस्त्यावरची पोरं त्यांना मुली समजून चिडवत. झगे लवकरच गेले, शेपटा मात्र ठेवावाच लागे, कारण तो कापणं म्हणजे राजद्रोह. मग खेळताना तो सदऱ्यात खुपसायचा. (आपल्याला आनंदीबाई जोशींचा 1885 चा फिलाडेल्फियातला फोटो ठाऊक असतो. त्यात त्यांच्या सोबत किमोनो नेसलेली जपानी विद्यार्थिनी आहे, केई ओकामी. परक्या गावात आपला वेश टिकवणं ही तेव्हा सगळ्यांचीच कसोटी होती.) मुलं फार अमेरिकी झाली, असा बोभाटा झाला आणि 1881 मध्ये सगळ्यांना माघारी बोलावलं. शांघायला उतरल्यावर स्वागत कसलं, बंद पडलेल्या एका जुन्या विद्यालयात पहाऱ्याखाली ठेवलं. तिकडचे राहिले नाहीत आणि इकडचेही नाहीत, अशी गत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थैली सरकारच्या हातून घराकडे आली. तैवानमधल्या आईबापांनी 1980 च्या दशकात शाळकरी मुलं कॅलिफोर्नियात ठेवली आणि स्वतः परतले; या मुलांना नाव पडलं ‘पॅराशूट किड्स’. दक्षिण कोरियात उलटी तऱ्हा: आई मुलांबरोबर परदेशी, बाप सोलमध्ये एकटा राबतो. त्याला म्हणतात ‘किरोगी आप्पा’, रानहंस बाप, वर्षातून एखाद-दोनदा उडत जाऊन पिलांना भेटणारा.

चीनमधून डिसेंबर 1978 मध्ये 52 जणांची पहिली तुकडी अमेरिकेला गेली, तीही सरकारी खर्चानं. 2019-20 मध्ये तिथे चिनी विद्यार्थी होते 3,72,532, आणि बहुतेकांचा खर्च घरून. त्यांतले कितीतरी एकुलते एक. दोन आईबाप आणि चार आजीआजोबांची आशा एकाच पोरावर. चिनी भाषेत एक म्हण आहे, ‘बाओ शी बू बाओ यौ’: आनंदाचं कळवावं, काळजीचं नाही. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतलं ‘येथील कुशल’ त्याच जातीचं. बीजिंग आणि न्यूयॉर्क यांच्यात बारा-तेरा तासांचं अंतर. आई सकाळी फोन करते तेव्हा पोराकडे रात्र असते, आणि ‘जेवलास का’ला उत्तर ‘जेवलो’ एवढंच.

दुखण्याला नाव काय द्यायचं, हाही जुनाच तिढा. सोसेकीच्या काळातला शब्द ‘शिन्केई-सुइजाकु’, मज्जातंतूंचा अशक्तपणा. चीनमध्येही तोच रोग, ‘शनजिंग श्वाइरुओ’. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं 1980 मध्ये हुनानमध्ये असे 100 रुग्ण तपासले, तेव्हा 87 जणांना नैराश्य निघालं. तक्रारी मात्र डोकेदुखीच्या, झोप न लागण्याच्या. शरीर दुखलं तर सांगता येतं, मन दुखलं तर लोक काय म्हणतील?

येलमधल्या चिनी विद्यार्थ्यांच्या पाहणीत (2013) 45 टक्क्यांना नैराश्याची आणि 29 टक्क्यांना चिंतेची लक्षणं होती. विद्यापीठात समुपदेशन मिळतं हे 27 टक्क्यांना माहीतच नव्हतं. युंग विंग शिकला तेच हे विद्यापीठ.

मग 2020 आलं. पाश्चात्त्य शहरांत मास्क लावला म्हणून या मुलांनी शिव्या खाल्ल्या. मार्चअखेरीस चीननं आंतरराष्ट्रीय उड्डाणं जवळपास बंद केली, तिकिटांचे भाव गगनाला भिडले. जे कसेबसे पोचले त्यांच्यासाठी चिनी समाजमाध्यमांवर एक टोमणा तयार होता: गाव उभारताना तू नव्हतास, हजारो मैलांवरून विष आणायला मात्र सगळ्यांत पुढे.