जाळी विकत घेणारी देणगी

जंगली अटलांटिक सॅमनसाठी देणगी मागणाऱ्या संस्था आज बऱ्याच आहेत. हा पैसा मासा वाचवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला १९६० च्या दशकातल्या ग्रीनलंडपर्यंत मागे जावं लागतं.

हा मासा कॅनडा, स्कॉटलंड, आयर्लंडच्या नद्यांत जन्मतो, काही वर्षं तिथेच वाढतो, मग समुद्रात उतरतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्याच नदीत परततो. मधल्या काळात त्यातले बरेच मासे पश्चिम ग्रीनलंडच्या थंड पाण्यात पोसले जातात, हे उमगलं आणि तिथे जाळी पडू लागली. स्थानिक होड्यांबरोबर डेन्मार्क, नॉर्वे, फेरो बेटांच्या बोटीही आल्या. १९७१ मध्ये तिथली पकड सुमारे २,७०० टनांवर पोचली. नदी राखणारे एका देशात, मासा पकडणारे दुसऱ्या देशात, असा हा पेच होता. अमेरिका आणि डेन्मार्कमध्ये १९७२ साली करार झाला, बाहेरच्या बोटी हळूहळू हटल्या. १९८४ पासून उत्तर अटलांटिक सॅमन संवर्धन संघटनेत पकडीचा कोटा ठरू लागला. तरी मासा घटतच राहिला.

इथे ऑरी व्हिगफुसन यांचं नाव येतं. ते आइसलंडमधल्या सिग्लुफ्योर्दुर या हेरिंग नावाच्या लहान समुद्री माशावर जगणाऱ्या गावचे. तिथली हेरिंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस संपली आणि गावाचा धंदाच बसला. पुढे उद्योजक झालेल्या आणि गळ टाकून सॅमन पकडण्याची आवड असलेल्या या माणसाने १९८९ मध्ये उत्तर अटलांटिक सॅमन निधी उभारला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मच्छीमाराचा हक्क मान्य करा, त्याची रास्त किंमत द्या आणि जाळी किनाऱ्यावर ठेवायला सांगा. १९९१ मध्ये फेरो बेटांशी आणि १९९३ मध्ये ग्रीनलंडशी असे सौदे झाले. पैसा आला तो हौशी गळकऱ्यांकडून, नदीकाठच्या जमीनमालकांकडून, देणगीदारांकडून आणि काही ठिकाणी सरकारकडूनही. ग्रीनलंडमध्ये लम्पफिश या समुद्री माशाची अंडी, खेकडे अशा पर्यायी धंद्यांना हातभार लावण्यात आला. २००३ मध्ये ईशान्य इंग्लंडच्या बहुतेक जाळीवाल्यांनी मोबदला घेऊन आपले परवाने सोडले.

मला या साऱ्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. हातावर पोट असलेल्या ग्रीनलंडच्या मच्छीमाराला गुन्हेगार ठरवणं सोपं होतं; व्हिगफुसन यांनी त्याच्याशी करार केला. २००७ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते गेले.

जाळी थांबली तरी नदीतली भिंत, म्हणजे माशाची वाट अडवणारं धरण, उरतेच. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पेनोबस्कॉट नदीत हंगामातला पहिला सॅमन १९१२ पासून राष्ट्राध्यक्षांना भेट पाठवत. १९९२ नंतर ती प्रथा थांबली, कारण मासे फारच कमी उरले होते. तिथे पेनोबस्कॉट आदिवासी राष्ट्र आणि पर्यावरण संस्थांनी एक न्यास स्थापून २०१० मध्ये तीन धरणं सुमारे अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये आणि व्हीझी २०१३ मध्ये फोडलं, तर हाउलंडच्या धरणाला वळसा घालणारा प्रवाह खोदला. वीज घटू नये म्हणून इतर धरणांवरचं उत्पादन वाढवलं. नदीत चढणारे हेरिंगसारखे मासे लाखोंनी परतले; सॅमनची वाढ मात्र संथ आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला ‘संकटसमीप’ ठरवलं. २००६ ते २०२० दरम्यान त्याची संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. आता तापणारा समुद्र आणि मत्स्यशेतीतून पसरणाऱ्या, माशांच्या अंगावर जगणाऱ्या समुद्री उवा ही कारणंही आहेत, आणि त्यांचा परवाना विकत घेता येत नाही. म्हणून देणग्यांचा बराच पैसा नदीच्या उगमाकडे वळला आहे. स्कॉटलंडच्या डी नदीच्या वरच्या भागात दहा लाख देशी झाडं लावण्याचा संकल्प त्यातलाच. उघड्या काठांवर सावली झाली, तर उन्हाळ्यात तापणारं पाणी सॅमनच्या पिलांना सोसवेल इतपत थंड राहील.