‘फक्त दोन माणसं जोडा’ यातली मेख

नेटवर्क मार्केटिंगच्या बायनरी प्लॅनमध्ये, म्हणजे प्रत्येकाखाली डावी-उजवी अशा दोनच बाजू असलेल्या माणसं जोडायच्या योजनेत, हमखास सांगतात: तुम्ही दोघांना जोडा, ते आणखी दोघा-दोघांना, मग घरबसल्या कमाई. कागदावर झकास! पण तुमच्याखालची साखळी अशी दुप्पट होत गेली, तर ३३व्या पातळीवर सुमारे ८५९ कोटी माणसं लागतात. जगात तेवढी नाहीतच. शिवाय भरलेली साखळी कुठेही थांबली, तरी निम्म्याहून जास्त लोक तळाशी, हाताखाली कोणी नसलेले.

माणसं मिळाली तरी कमिशन सहसा कमजोर बाजूवर ठरतं. डावीकडे विक्रीचे १००० पॉइंट, उजवीकडे १००, तर हिशोब १००चाच. उरलेले ९०० पुढच्या हिशोबात ओढले जातात, काही प्लॅनमध्ये चक्क बाद होतात. वर ‘अ‍ॅक्टिव्ह’ (कमिशनला पात्र) राहायला बहुतेक ठिकाणी दरमहा स्वतःची खरेदी. चेकचा फोटो दाखवणारे ती वजा करून आकडा सांगत नाहीत.