ट्रेलर ओढायचाय आणि कडाक्याच्या थंडीतही चालवायचीय? मग पिकअपचं इंजिन कुठलं घ्यावं

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी हॉर्सपॉवर विचारतात. विचारा की, पण मागे ट्रेलर लावून चढावर गाडी उचलायची असते तेव्हा खरं काम टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो त्याचं. फोर्ड एफ-१५० चंच घ्या, २०२१ च्या मॉडेलला ३.५ लिटरचं टर्बो (हवा दाबून आत भरणारं) व्ही-६ आणि ५.० लिटरचं साधं, म्हणजे टर्बो नसलेलं, व्ही-८, दोन्ही ४०० हॉर्सपॉवरची, पण टर्बोला टॉर्क ५०० पाउंड-फूट आणि व्ही-८ ला ४१०, तोही बराच वरच्या आरपीएमला, म्हणजे कागदावर सारखी दिसणारी दोन इंजिनं घाटात अगदी वेगळी वागतात. त्यात उंचीवर हवा विरळ होते, साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के कमी होत जाते, टर्बोला तेवढा फरक पडत नाही.

जड ट्रेलर, तोही रोज आणि लांब पल्ल्याला, तर डिझेलच घ्या. कमी आरपीएमला भरपूर टॉर्क, मायलेज बरं, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा) असेल तर उतारावर ब्रेक तापत नाहीत. (रस्त्यावर बर्फ असेल तर मात्र तो बंद ठेवा, मागची चाकं घसरतात.)

पण डिझेलचे नखरे थंडीत कळतात. डिझेलमध्ये मेण असतं, पारा खूप उतरला की त्याचे कण होतात, फिल्टर तुंबतो आणि गाडी चालू होत नाही नाहीतर चालता चालता बंद पडते. म्हणून थंडीत विंटर ग्रेडचंच डिझेल भरायचं, ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावून घ्यायचा आणि रात्री प्लगला जोडायचा. डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) उणे ११ डिग्रीला गोठतं, त्याला घाबरू नका, टाकीला हीटर असतो, गाडी चालू झाली की ते वितळतं. आमच्या मते खरी कटकट छोट्या फेऱ्यांची, इंजिन नीट तापतच नाही, डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी पूर्ण जळत नाही आणि दिवा लागतो. रोज पाच-दहा मिनिटांचंच चालवणं असेल आणि ट्रेलर महिन्यातून एकदा, तर डिझेल विकायला आम्हालाच जीवावर येतं.

तसं असेल तर पेट्रोल बघा. थंडीत पटकन चालू होतं, केबिन लवकर गरम होते. टर्बो पेट्रोल ओझ्याखाली पेट्रोल मात्र ढोसतं, ते धरून चाला. ऑइल ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू (थंडीतही पातळ राहणारं), मॅन्युअलमध्ये असेल तेच, आणि बॅटरी चांगली हवी, कारण गारठ्यात तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

अजून एक, डिझेल इंजिन वजनाला जड असतं, त्यामुळे तीच गाडी डिझेलमध्ये घेतली तर पेलोड (गाडीत भरता येणारं वजन) कमी मिळतो, आणि ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात त्या जागी) येतो तोही त्याच पेलोडमधून जातो. तेव्हा येताना सामान भरलेल्या ट्रेलरचं वजन करून आणा, रिकाम्याचं नको.