पुस्तकाबाहेर काढलं की यंत्र हरतं?

जळगाव असो, भुसावळ असो की अमळनेर, बुद्धिबळ स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत पोरं मोबाइलवर यंत्राशी खेळत बसतात. मागे उभा असलेला एखादा काका हमखास सांगतो, "त्याले पुस्तकना बाहेर काढ रे भाऊ, मंग देख कसा गडबडस!" सल्ला अगदीच खोटा नाही. पण तो पन्नासएक वर्षं जुना आहे, आणि तेव्हाही अर्धाच खरा होता.

हे पुस्तक म्हणजे यंत्राच्या स्मृतीत आधीच भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या खेळ्या. त्याची गरज का पडली, ते आकडे सांगतात. पहिल्या खेळीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात. दोघांची एकेक खेळी झाली की ४०० क्रम होतात, आणि पांढऱ्याची तिसरी खेळी होईपर्यंत ४८ लाख ६५ हजार ६०९. एवढं मोजूनही हाती फारसं लागत नाही, कारण सुरुवातीला मारामारी नसते आणि चुकीची शिक्षा वीस-पंचवीस खेळ्यांनी मिळते. म्हणून उस्तादांच्या पसंतीच्या खेळ्या भरून ठेवायच्या आणि यंत्राने त्या न मोजता खेळायच्या, असा तोडगा निघाला. कडेचं एखादं प्यादं उगाच सरकवलं की हा साठा संपायचा आणि यंत्राला स्वतः मोजायला लागायचं.

मोजण्याला मर्यादा होती. ठरावीक खोलीपर्यंत पाहायचं, तिथे थांबून सोंगट्यांची बेरीज-वजाबाकी करायची. कन्नडच्या घाटात धुक्यातून रात्री गाडी उतरवताना दिव्याचा झोत पोचतो तेवढाच रस्ता दिसतो, तसं. संगणक-बुद्धिबळाचे संशोधक हान्स बर्लिनर यांनी या दोषाला क्षितिज-परिणाम म्हटलं. त्यातली गंमत अशी, की संकट दिसलं तर यंत्र मध्येच एखादं प्यादं फुकट देऊन ते क्षितिजापलीकडे ढकलायचं आणि टळलं असं समजायचं.

मग चक्रावून टाकणारा गँबिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं बळी देऊन लावलेला सापळा, टाकला की काम झालं? नाही. इथेच काका चुकतात.

मुलांचा लाडका एंग्लंड गँबिट घ्या. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की काळा राजापुढचं प्यादं त्याच्या तोंडी देतो. पुढे काळा वजीर शह देऊन घोड्यापुढचं प्यादं खातो. पांढऱ्याला मोह होतो, की उंट एक घर सरकवून वजिराला हुसकावू. तो सरकवला की काळ्याचा उंट त्याला राजासमोर जखडतो, आणि पांढऱ्याच्या त्या उंटाच्या खेळीपासून मोजलं तर दोघांच्या तीन-तीन खेळ्यांत मात होऊ शकते. माणूस फसतो, कारण माणूस मोहात पडतो. यंत्राला मोह नाही, आणि तीन-तीन खेळ्या तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोठ्या संगणकांच्या आवाक्यात आल्या होत्या. सापळा म्हणजे जवळची मारामारी, आणि यंत्राचा हात तिथेच पक्का.

याचा जणू प्रयोगच झाला आहे. दहा वर्षांत कुठलाही संगणक मला हरवणार नाही, अशी पैज स्कॉटलंडकडून खेळणारे बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्ही यांनी १९६८ मध्ये लावली होती. १९७८ मध्ये टोरांटोत चेस ४.७ या प्रोग्रॅमशी सामना झाला. लेव्हींचं धोरण होतं, काहीच करायचं नाही, पण ते नीट करायचं. सोंगट्या मागे ठेवायच्या, मारामारी टाळायची आणि यंत्राने स्वतःचीच मांडणी बिघडवायची वाट पाहायची. त्यांनी सामना ३½–१½ असा जिंकला. हरले तो एकच डाव, चौथा, आणि त्यात ते लाटव्हियन गँबिट खेळले होते! माझ्या मते यंत्राविरुद्ध कसं खेळावं याचं याहून चांगलं उदाहरण नाही. चालली ती आडवाट, बळी नव्हे.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या कास्पारोव्हनेही डीप ब्लू या संगणकाविरुद्ध तिसऱ्या डावात वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवून सुरुवात केली. डाव बरोबरीत सुटला. निर्णायक सहाव्या डावात यंत्राने घोड्याचा बळी देऊन त्याला १९ खेळ्यांत हरवलं. हा बळी यंत्राच्या पुस्तकातच होता.

२००८ मध्ये ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने झटपट डावात रिब्का या प्रोग्रॅमला २७१ खेळ्या खेळवून हरवलं, तेही पट कुलूपबंद करून. प्यादी एकमेकांना भिडवून टाकली की मोजण्यासारखं काही उरत नाही. प्यादं न हलता, काही न मारता ५० खेळ्या झाल्या तर बरोबरी मागता येते. आपणच वरचढ आहोत असं समजणाऱ्या रिब्काला ती नको होती, म्हणून ते स्वतःहून सोंगट्या देत बसलं.

आता हा मार्गही जवळपास बंद आहे. २०२० पासून स्टॉकफिशसारख्या इंजिनात, म्हणजे बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये, मूल्यमापनाला न्यूरल नेटवर्क (असंख्य पटस्थितींवरून शिकलेली गणिती जाळी) आलं आणि बंद पटाची समजही बरीच सुधारली. मग मोबाइलवर एंग्लंड गँबिटने पोरं जिंकतात कशी? खालच्या पातळीवर यंत्राला मुद्दाम कच्चं खेळवलेलं असतं म्हणून. स्टॉकफिशची पातळी कमी केली की चांगली खेळी दिसत असूनही ते मधूनमधून दुय्यम खेळी निवडतं. पातळी पूर्ण वर नेऊन तोच डाव खेळून पाहा.

तरी यंत्राची आंधळी जागा हा विषय संपलेला नाही. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढायच्या गो या खेळात २०२३ मध्ये केलिन पेलरीन या हौशी खेळाडूने काटागो या अतिबलवान प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावांत हरवलं. यंत्राच्या सोंगट्यांभोवती मोठं कडं सावकाश घालायचं आणि तोवर त्याला दुसऱ्या कोपऱ्यात गुंतवायचं, एवढीच युक्ती. ती शोधून काढली होती दुसऱ्या एका प्रोग्रॅमने. पुढे संशोधकांनी ही फट बुजवायचा प्रयत्न केला, तर हल्ल्याच्या नव्या तऱ्हा सापडल्या.