उपग्रह दूरचित्रवाणी : ग्रहणदोष व त्यांचे निदान

उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारा दूरचित्रवाणीचा संकेत क्षीण होणे, तुटक होणे किंवा पूर्ण बंद पडणे याला ग्रहणदोष म्हणतात. छत्री म्हणजे डिश, तिच्यासमोरच्या दांड्यावर बसवलेला एलएनबी (छत्रीने गोळा केलेला संकेत वाढवून, वारंवारता उतरवून केबलमध्ये सोडणारे उपकरण), तिथून घरात येणारी केबल, केबलच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि सेट-टॉप बॉक्स अशी ही साखळी असते. दोष यांपैकी कुठेही असू शकतो. पण चित्र गेले की बहुतेकांचा हात आधी छत्रीकडे जातो. तिची दिशा नीट असताना ती हलवली, तर मूळ दोष तसाच राहतो आणि दिशा बिघडल्याचा नवा दोष त्यात भर घालतो. म्हणून निदान घरात, रिमोट हातात घेऊन सुरू करावे.

जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात संकेत कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि हळूहळू वाढत जात. डिजिटल प्रक्षेपणात अशी पूर्वसूचना जवळजवळ नसते. बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो तोवर चित्र स्वच्छ असते. चुका आवाक्याबाहेर गेल्या की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि थोड्याच फरकाने सगळे काळे पडते. त्यामुळे ‘कालपर्यंत सगळे छान होते’ यावरून कालपर्यंत संकेत भरपूर होता असे ठरत नाही. तो काठावरही असू शकतो.

बॉक्सच्या सिग्नल-तपासणीच्या पानावर तीव्रता आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यांतला फरक समजला की निम्मे काम होते. एलएनबी हाती आलेला संकेत साधारण 50 ते 60 डेसिबलने, म्हणजे लाख ते दहा लाख पटींनी वाढवतो आणि त्यासोबत स्वतःचा गोंगाटही वाढवतो. तीव्रतेच्या पट्टीत हा गोंगाटही मोजला जातो. म्हणून तीव्रता भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल, तर केबल व एलएनबी बहुधा चालू आहेत, छत्री मात्र त्या उपग्रहाकडे पाहत नाही किंवा मध्ये काहीतरी आडवे आले आहे. दोन्ही पट्ट्या शून्यावर असतील तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबीचा वीजपुरवठा तपासावा. विश्वास गुणवत्तेच्या पट्टीवरच ठेवावा.

यापुढचा प्रश्न सर्वांत बोलका आहे : नेमक्या कोणत्या वाहिन्या गेल्या? केयू पट्ट्यातल्या, म्हणजे घरगुती छत्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्यातल्या, सार्वत्रिक एलएनबीला बॉक्स एकाच केबलमधून वीजही देतो आणि आज्ञाही. 13 व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवणाच्या (ध्रुवण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा) वाहिन्या मिळतात, 18 व्होल्ट दिले की आडव्या. सोबत 22 किलोहर्ट्झचा सूर पाठवला की एलएनबी 11.7 गिगाहर्ट्झच्या वरच्या भागाकडे वळतो. सूर नसेल तर खालच्या भागात राहतो. त्यामुळे फक्त आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्या गेल्या असतील, तर लांब किंवा गंजलेल्या केबलमध्ये व्होल्टेज पडत असावे किंवा बॉक्सचा वीजपुरवठा थकला असावा. वरच्या भागातल्याच वाहिन्या गेल्या तर संशय 22 किलोहर्ट्झच्या सुरावर घ्यावा. दोन्ही प्रसंगी छत्री कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. एकापेक्षा अधिक उपग्रहांची जोडणी असेल आणि एकाच उपग्रहाच्या सगळ्या वाहिन्या नसतील, तर मधला स्विच किंवा त्या उपग्रहाचा एलएनबी पाहावा.

एखाद्याच ट्रान्सपाँडरवरच्या (उपग्रहावरच्या, काही वाहिन्या एकत्र पाठवणाऱ्या प्रक्षेपकावरच्या) वाहिन्या गेल्या तर कारण घरातही असू शकते. एलएनबी उपग्रहाची वारंवारता 950 ते 2150 मेगाहर्ट्झपर्यंत उतरवून केबलमध्ये सोडतो. या टप्प्यात इतर उपकरणांचेही प्रसारण चालते. युरोपातले घरगुती बिनतारी फोन 1880 ते 1900 मेगाहर्ट्झवर चालतात. वरच्या भागातला 12,480 मेगाहर्ट्झचा संकेत, वारंवारता उतरवताना एलएनबी त्यातून वजा करतो ते 10,600 मेगाहर्ट्झ जाऊन, नेमका 1880 वर येतो. केबलचे आवरण पातळ असेल किंवा कनेक्टर सैल असेल, तर फोनची लहर आत शिरते आणि तेवढ्याच वाहिन्या मरतात.

दोष केव्हा येतो हेही नोंदवावे. केयू पट्ट्यातल्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. दाट पावसाचे थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. छत्री तिरकी आकाशाकडे पाहत असल्याने घरावर थेंब नसतानाही उपग्रहाच्या बाजूचा ढग चित्र घालवू शकतो. पाऊस ओसरल्यावर चित्र आपोआप आले तर दुरुस्ती लागत नाही. पण साध्या रिमझिमीतही जात असेल, तर संकेत आधीपासूनच काठावर आहे. पाऊस थांबून तासन्‌तास चित्र येत नसेल, तर पाणी केबलमध्ये शिरलेले असते. विषुवदिनाच्या आगेमागे काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाते, कारण सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात संकेत बुडतो. वाऱ्यात तुटणारे चित्र सैल नटबोल्टांकडे बोट दाखवते. झाडाची वाढलेली फांदीही विसरू नये. छत्री बसवताना ती वाटेत नव्हती.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे एलएनबीजवळचा कनेक्टर. तिथून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून झिरपत थेट बॉक्सपर्यंत येऊ शकते. तांबे काळे-हिरवे पडते. अशी केबल वाळवून चालत नाही, खराब भाग कापून टाकावा किंवा केबल बदलावी. नवा कनेक्टर बसवताना जाळीचा एकही धागा मधल्या तारेला टेकू नये, नाहीतर शॉर्ट होते. कनेक्टरवर जलरोधक पट्टी गुंडाळावी आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. हे काम करताना बॉक्सचा प्लग काढलेला हवा. ओल्या छतावर, वादळात किंवा विजेच्या तारांजवळ चढू नये.

हे सगळे तपासून झाल्यावरच दिशेकडे वळावे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. एका अंशाची चूक तिथे सहाशेहून अधिक किलोमीटरची होते. 60 सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंशांचा असल्याने दीड अंश सरकली तरी संकेत अर्धा होतो. आधी खांब ओळंब्याने तपासावा. तो कलला असेल तर कोन जुळवूनही हिशेब चुकतो. मग छत्रीच्या वरच्या कडेला बोटाने अगदी हलका दाब किंवा ताण देऊन पाहावा. गुणवत्ता वाढली तर कोन त्या बाजूला किंचित बदलावा. डावी-उजवी दिशाही अशीच, एका वेळी केसभर सरकवून आणि पट्टी स्थिरावण्यासाठी काही सेकंद थांबून जुळवावी. शेवटी एलएनबी आपल्या पकडीत थोडा फिरवून ध्रुवणाचा कोन साधावा. नट एकदम न आवळता आळीपाळीने आवळावेत आणि प्रत्येक आवळण्यानंतर गुणवत्ता पुन्हा पाहावी, कारण आवळतानाच छत्री सरकते.